रात्री हाताला मुंग्या येतात? मनगटात दबणाऱ्या नसेविषयी

आरोग्याच्या या गप्पांमध्ये आज आपण हाताविषयी बोलणार आहोत.

बारामती-इंदापूरकडच्या बाईचा हात दिवसभरात किती राबतो, ते एकदा मोजून पाहा. पहाटे गोठ्यात धार, मग शेणघाण, मग पीठ मळणं, भाकरी, धुणं पिळणं. ते आटोपलं की कोणी खुरपायला जाते, कोणी द्राक्षाच्या विरळणीला, कोणी डाळिंबाच्या बागेत. कोणी एमआयडीसीत शिलाईच्या मशीनवर बसते. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून आलेल्या आपल्या बहिणी थंडीत कोयता घेऊन उसाच्या फडात उतरतात. आणि दिवस मावळला की पुन्हा धार आहेच.

अशा हातांची एक तक्रार आम्हाला वारंवार ऐकायला मिळते. "रात्री हात झोपतो." "हाताला मुंग्या येतात, जाग येते, हात झटकला की बरं वाटतं." "सकाळी मूठच वळत नाही." "सुईत दोरा ओवता येत नाही, हातातून कपबशी पडते." कोणी म्हणतं नस चढली, कोणी म्हणतं वात आहे, कोणी म्हणतं वयच झालं. मग तेल चोळलं जातं, गंडा बांधला जातं, मेडिकलमधून गोळी आणली जाते, आणि दोन-तीन वर्षं अशीच निघून जातात.

या तक्रारीमागे बहुतेक वेळा एक साधं कारण असतं. मनगटाजवळ एक नस दबलेली असते. डॉक्टर त्याला 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात. नाव अवघड आहे, पण प्रकार समजायला सोपा आहे. वेळेवर लक्ष दिलं तर तो पुष्कळदा विनाऑपरेशन आटोक्यात येतो. उशीर झाला तर मात्र हाताची ताकद कायमची जाऊ शकते. म्हणून आज हा विषय.

मनगटातली मोरी

नीरा डाव्या कालव्याच्या कडेने जाताना रस्त्याखालची मोरी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. वर रस्ता, खाली दगडी तळ, आणि मधल्या अरुंद जागेतून पाणी जातं. आपल्या मनगटातही अशीच एक मोरी आहे. तिचा तळ आणि बाजू मनगटाच्या लहान-लहान हाडांच्या. वरचं छत म्हणजे तळहाताच्या मुळाशी आडवा बसलेला एक जाड, चिवट पट्टा. त्याला अस्थिबंध म्हणतात. हाडं ताणत नाहीत आणि हा पट्टाही फारसा ताणत नाही, त्यामुळे मोरी रुंद व्हायला जागाच नाही.

या मोरीतून १० गोष्टी जातात. त्यातल्या ९ म्हणजे बोटं आणि अंगठा वाकवणाऱ्या दोऱ्या. त्यांना कंडरा म्हणतात. दहावी गोष्ट म्हणजे एक नस. हिला मीडियन नस म्हणतात. ही मानेपासून निघून हातभर येते आणि मोरीतून तळहातात उतरते. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि करंगळीशेजारच्या बोटाची अंगठ्याकडची अर्धी बाजू, एवढ्या भागाची जाणीव ती मेंदूपर्यंत नेते. अंगठा उचलून बोटांसमोर आणणारे स्नायूही तिच्याच हुकमावर चालतात.

आता मोरीत गर्दी झाली तर काय होईल? सतत राबून कंडरांभोवतीचं आवरण जाड झालं, किंवा अंगावर सूज येऊन तिथे पाणी साठलं, तर चिवट कंडरांना फारसं काही होत नाही. दबते ती मऊ नस. ठिबकच्या नळीवर दगड पडला तर नळी लगेच फुटत नाही, पण पुढच्या झाडांना पाणी पोचेनासं होतं. तसंच इथे घडतं. आधी नसेचा रक्तपुरवठा कमी होतो. तेव्हा मुंग्या येतात आणि हात हलवला की जातात. दाब तसाच राहिला तर नसेवरचं आवरण झिजतं, मग बधिरपणा दिवसाही राहतो. पुढे नसेच्या आतले धागेच मरू लागतात आणि अंगठ्याचा स्नायू सुकतो. हे टप्पे महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी येतात. म्हणूनच पहिल्या टप्प्यावर सावध होण्याला एवढं महत्त्व आहे.

रात्रीच का?

झोपेत आपण मनगट दुमडून, हात उशाखाली किंवा गालाखाली घेऊन झोपतो. मनगट वाकलं की मोरीतला दाब कित्येक पटींनी वाढतो. त्यात दिवसा हालचालीमुळे हातातलं जे पाणी पुढे सरकत असतं, ते रात्री हात निश्चल असल्यामुळे तिथेच थांबतं. मग दोन-अडीच वाजता जाग येते. उठून हात झटकला की नसेला पुन्हा रक्त मिळतं आणि मुंग्या ओसरतात. 'झटकल्यावर बरं वाटतं' हे या आजाराचं इतकं ओळखीचं लक्षण आहे की डॉक्टर ते मुद्दाम विचारतात.

दिवसा गाडीचं हँडल धरल्यावर, मोबाईल बराच वेळ कानाशी धरल्यावर किंवा धार काढताना अर्ध्यातच मुंग्या आल्या, तर कारण तेच. मूठ आवळलेली असते आणि मनगट वाकलेलं.

वहीवर हात काढा

आता घरी करता येईल असं एक काम सांगतो. मुलांच्या वहीच्या पानावर तळहात ठेवून पेनाने त्याची आकृती काढा. उजव्या हाताची एक, डाव्या हाताची एक. मग पुढचे आठ दिवस जिथे मुंग्या येतात किंवा बधिर वाटतं, तेवढाच भाग रंगवा. बाजूला वेळ लिहा. रात्री की दिवसा, कोणतं काम करताना.

आठ दिवसांनी पान पाहा. अंगठा, पहिलं आणि मधलं बोट रंगलं असेल आणि करंगळी कोरी असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता जास्त. आपल्याला 'सगळा हातच बधिर होतो' असं वाटतं, पण नीट लक्ष दिल्यावर करंगळी सुटलेली आहे हे कळतं. हे पान डॉक्टरांकडे घेऊन जा. दवाखान्यात गेल्यावर गडबडीत आपल्याला नीट सांगता येत नाही, पानावर सगळं असतं.

दुसरी एक तपासणी. कोपरं टेबलावर टेकून दोन्ही मनगटं खाली लोंबू द्या, जोर न लावता वाकलेली ठेवा, आणि एक मिनिट थांबा. मिनिटाच्या आत त्याच बोटांत मुंग्या आल्या तर ती खूण धरतात. अमेरिकेतले हाताचे शल्यविशारद जॉर्ज फेलेन यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. गेल्या शतकाच्या मध्यावर त्यांनी या आजाराकडे जगभरातल्या डॉक्टरांचं लक्ष वेधलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दोन्ही तळहात शेजारी धरून उजेडात पाहा. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो एका हाताचा चपटा किंवा खोलगट दिसतोय का? तसं असेल तर स्नायू सुकायला लागला आहे. मग घरगुती उपायांत एक आठवडाही घालवू नका.

कोणाला जास्त होतो?

पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार बराच जास्त होतो, आणि चाळिशी-पन्नाशीत जास्त. बाईचं मनगट मुळातच लहान, म्हणून मोरीही अरुंद. त्यात गरोदरपणात आणि पाळी जाण्याच्या काळात शरीरात पाणी धरलं जातं. थायरॉइड कमी असणं, मधुमेह, सांधे सुजणारा आमवात, जास्त वजन, पूर्वी मनगट मोडून वेडंवाकडं जुळलेलं असणं, ही आणखी कारणं.

काम हे कारण आहेच. जोराने मूठ आवळणं, मनगट वाकवून तेच-तेच करत राहणं आणि हाताला सतत हादरे बसणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो. धार काढताना पहिल्या दोन्ही असतात. म्हणून दुधाचा धंदा घरोघर असलेल्या आपल्या भागात ही तक्रार समजून घ्यायला हवी.

सगळ्या मुंग्या मनगटाच्या नसतात

इथे जरा सावकाश ऐका, कारण कारण चुकलं की उपचारही चुकतो.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर दबलेली नस वेगळी आहे. तिला अल्नर नस म्हणतात. ती कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाला लागून जाते. कोपर कशावर आपटलं की झिणझिण्या येतात, ती हीच. कोपर टेकून बसणं किंवा कोपर पूर्ण दुमडून झोपणं यामुळे ती दबते.

मान दुखते, मान वळवली की दंडातून कळ खाली उतरते, अशी तक्रार असेल तर मूळ मानेच्या मणक्यात असू शकतं.

दोन्ही पायांचे तळवे आणि दोन्ही हात एकसारखे बधिर होत असतील, तर मधुमेह आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तपासा. बी-१२ दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं. गंमत बघा, घरात दोन-दोन गाई, पण दूध डेअरीला आणि बाईच्या वाट्याला कोरा चहा. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्येही बी-१२ कमी होऊ शकतं.

बाळंतीण किंवा लहान मूल सतत उचलणारी बाई अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखतं म्हणत असेल आणि बधिरपणा नसेल, तर तिथल्या कंडरांना सूज असते. तो आजार निराळा.

मनगटात फार घट्ट कडं, बांगडी किंवा घड्याळ असेल, तर अंगठ्याच्या मागच्या बाजूला जळजळ किंवा बधिरपणा येतो. तिथे कातडीखालून दुसरी एक बारीक नस जाते. दागिना सैल केला की बहुतेकींना आराम पडतो.

आणि एक आजार असा की ज्याचं नाव घ्यायला आपण घाबरतो. कुष्ठरोग. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, तिथे टोचलेलं कळत नाही, आणि करंगळीकडची बोटं बधिर किंवा वाकडी होत आहेत, तर तो लपवू नका. या रोगात नसा जाड होतात. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावी लागतात आणि रोग पूर्ण बरा होतो. लवकर गेलं तर बोटं वाकडी होणं टळतं.

शेवटचं, आणि तातडीचं. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो मेंदूचा झटका आहे. तेव्हा हात चोळत बसू नका. १०८ला फोन करा आणि मोठं रुग्णालय गाठा.

दवाखान्यात काय तपासतात?

सुरुवात गावच्या आरोग्य केंद्रातून करा. साखर आणि रक्ताचं प्रमाण तपासून घ्या, आणि डॉक्टरांना थायरॉइड व बी-१२विषयी विचारा. पुढे अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवा. त्यासाठी इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय, बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी सरकारी ठिकाणं आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत.

डॉक्टर बोटांवर कापूस फिरवून जाणीव पाहतात, मनगटावर बोटाने ठोकून मुंग्या येतात का बघतात, अंगठ्याची ताकद पाहतात. शंका असेल किंवा ऑपरेशनचा विचार असेल, तर नसेतून वीज किती वेगाने जाते ही तपासणी करायला सांगतात. तिला एनसीव्ही म्हणतात. हाताला बारीक झटके बसतात, थोडं टोचतं, पण त्यात धोका नाही. नस कुठे दबली आणि किती, हे त्यातून कळतं. या आजारासाठी सरसकट एमआरआयची गरज नसते. साध्या एक्स-रेत नस दिसत नाही. तो फक्त जुनं फ्रॅक्चर किंवा सांध्याची झीज पाहायला काढतात.

पहिला उपाय: रात्रीचा पट्टा

मुंग्या येतात-जातात, बधिरपणा कायमचा नाही, स्नायू सुकलेला नाही, अशा वेळी पहिला उपाय म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणं. मेडिकलमध्ये मनगटाचा पट्टा मिळतो, त्यात एक पट्टी बसवलेली असते. तो रोज रात्री, किमान सहा आठवडे बांधायचा. दोन रात्री बांधून 'फरक नाही' म्हणून खुंटीला टांगायचा नाही.

पट्टा घेताना दोन गोष्टी बघा. बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पट्टी मनगट मागे वाकवणारी असते. आपल्याला मनगट अगदी सरळ हवं, पुढेही नाही आणि मागेही नाही. पट्टी वाकडी असेल तर ती काढून सरळ करून घ्या किंवा दुकानदाराला, डॉक्टरांना करायला सांगा. दुसरं, पट्टा सैलसर हवा, त्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. दाबाच्या आजारावर वरून आणखी दाब नको. पट्टा आणेपर्यंत मऊ कापड गुंडाळलेली लहान मोजपट्टी मनगटाखाली धरून वर सैल कापड बांधलं तरी काही रात्री निभावतात.

गरोदर बाईला तर हाच मुख्य उपाय. बहुतेक जणींच्या मुंग्या बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप जातात. तिने मनाने गोळ्या घेऊ नयेत.

गोळ्या आणि इंजेक्शन

दुखण्याच्या गोळ्यांनी या आजारात फारसा फायदा होत नाही, आणि रोज घेतल्या तर पोट आणि किडनी बिघडते. 'नसेची ताकद वाढवणारी' म्हणून दिल्या जाणाऱ्या बी-१२च्या गोळ्या ज्यांच्यात कमतरता आहे त्यांनाच उपयोगी पडतात. मोरीतला दगड गोळीने हलत नाही. थायरॉइड किंवा साखर मात्र आटोक्यात आली की सूज कमी होऊन मुंग्याही कमी होऊ शकतात. म्हणून ती औषधं मध्येच सोडू नका.

पट्ट्याने भागलं नाही तर डॉक्टर मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. ते नसेत नाही, नसेच्या शेजारी मोरीत देतात. सूज उतरते आणि काही आठवडे ते काही महिने आराम पडतो. काहींना तेवढ्यानेच भागतं, काहींचा त्रास परत येतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ते आधी सांगून ठेवा. हे इंजेक्शन जाणकार डॉक्टरनेच द्यायचं असतं. बाजारच्या दिवशी कोणीही कमरेत टोचतं ते इंजेक्शन वेगळं. ते वारंवार घेतलं तर तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि मनगटातली नस दबायची ती दबतेच.

ऑपरेशन

बधिरपणा कायमचा झाला, अंगठ्याची ताकद गेली, किंवा पट्टा आणि इंजेक्शन करूनही रात्रीची झोप लागत नाही, तर ऑपरेशन करावं लागतं. यात मोरीचं छत, म्हणजे तो आडवा पट्टा, कापून मोकळा करतात. नसेला हात लावून काही जोडायचं-तोडायचं नसतं. फक्त हाताला भूल देतात, तळहातावर लहानसा छेद घेतात, आणि प्रत्यक्ष काम साधारण १५ ते २० मिनिटांचं असतं. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येता येतं. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात.

रात्रीच्या मुंग्या अनेकींच्या पहिल्या काही दिवसांतच थांबतात. बधिरपणा हळूहळू, महिन्यांनी कमी होतो. तळहाताचं मूळ दोन-तीन महिने दुखरं राहू शकतं, तोवर जोर लावताना कळ येते. ते अपेक्षित असतं. जखमेत पू होणं, बोटं कडक होणं असे धोके थोड्यांना होतात, म्हणून सांगितलेल्या दिवशी दाखवायला जाणं आणि पहिल्या दिवसापासून बोटं हलवत राहणं महत्त्वाचं.

मेलेले धागे पुन्हा वाढायचे तर वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. स्नायू पूर्ण सुकल्यावर ऑपरेशन केलं तर मुंग्या आणि वेदना थांबतात, पण अंगठ्याची गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही. ऑपरेशनला घाबरून पाच वर्षं काढायची आणि मग 'करून फायदा झाला नाही' म्हणायचं, असं अनेकींचं होतं. दोष ऑपरेशनचा नसतो, उशिराचा असतो.

मग धार कोण काढणार?

बाई ऑपरेशन का टाळते? भीती असतेच. पण आमच्याशी बोलणाऱ्या बहुतेक जणींचा पहिला प्रश्न जखमेचा नसतो. "मग धार कोण काढणार?" हा असतो. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो आणि त्यावर किराणा, मुलांच्या फिया, सोसायटीचा हप्ता चालतो. हात दुखतोय हे तिला माहीत असतं. पण गाय ऐकून घेत नाही. तिची धार वेळेलाच काढावी लागते.

म्हणून हा प्रश्न दवाखान्यात जायच्या आधी घरात बसून सोडवायचा. ऑपरेशननंतर बोटं लगेच हलवता येतात, थोड्या दिवसांत हलकी कामं होतात. पण जखम भरेपर्यंत हात कोरडा हवा. शेण, गोमूत्र, धुणं यात हात घालायचा नाही. धार काढणं, उसाची मोळी उचलणं, पिळणं यासारखी जोराची कामं चार ते आठ आठवडे बंद. म्हणजे साधारण दोन महिन्यांची सोय करायची. दोन्ही हातांना त्रास असेल तर शक्यतो एका वेळी एकच हात करून घ्यावा, म्हणजे जेवण, अंघोळ, वेणी-फणी दुसऱ्या हाताने होते.

गाय आटलेली असतानाचा काळ गाठता येतो. शेजारच्या जावेशी, बहिणीशी अदलाबदल करता येते. बचत गटातल्या चौघी मिळून पाळी लावू शकतात. आणि घरातल्या पुरुषांना धार काढता येत नाही, असं तर नाही ना? दूध डेअरीवर घालायला जे हात जातात, ते हात कासेलाही लागू शकतात. दोन-चार गाई असतील तर धार काढायच्या यंत्राचा हिशोब मांडून पाहा. ट्रॅक्टर घेताना आपण शेताचा हिशोब करतो, यंत्र घेताना बाईच्या हाताचाही धरावा.

खर्चाच्या बाबतीत, रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन जा आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून, आपल्या उपचाराला काय लागू होतं ते भरती व्हायच्या आधीच विचारून घ्या.

कामाची रीत थोडी बदलूया

काम सोडा, असं सांगायला आम्ही आलेलो नाही. पण रीत बदलता येते.

धार काढताना अंगठा मुडपून त्याच्या सांध्याने सड दाबायची सवय पुष्कळांना असते. त्याने अंगठ्यावर आणि मनगटावर ताण येतो, आणि सडालाही इजा होते. त्याऐवजी पूर्ण मुठीने, वरून खाली एकेक बोट मिटत धार काढा. मनगट सरळ राहील एवढ्या उंचीवर आणि गाईच्या जवळ बसा. आधी कास कोमट पाण्याने धुऊन, पुसून, गाय पान्हावू द्या. पान्हा सुटला की दूध कमी जोराने येतं.

खुरपं, कोयता, छाटणीची कात्री यांची मूठ बारीक आणि टणक असेल तर तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब किंवा सुती कापड गुंडाळा. जाडसर मुठीला कमी आवळावं लागतं. धार लावलेली ठेवा. बोथट हत्याराला दुप्पट जोर लागतो.

जड चादर पिळताना ती नळाला किंवा खांबाला अडकवून एका टोकाने पीळ द्या, किंवा दोघींनी पिळा. पीठ मळताना परात कमरेच्या खाली घ्या, म्हणजे हाताऐवजी अंगाचं वजन वापरता येतं.

विरळणी, शिलाई, निवडणं अशा बारीक कामात अर्ध्या तासाने हात थांबवून मूठ उघड-मीट करा, हात खाली सोडून हलवा. एक मिनिट पुरे.

आणि बोटं बधिर असतील तर तव्याजवळ जपा. जाणीव नसलेलं बोट भाजलेलं कळत नाही. फोड आल्यावर कळतं. भाकरी उलटायला उलथनं घ्या. मधुमेह असेल तर दुप्पट काळजी.

आलेले काही प्रश्न

"तेल चोळून आराम पडतो, चोळू का?" हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, तात्पुरतं बरं वाटतं. पण मनगटावर जोराने दाबणं, 'नस बसवून' घेणं, झटका देणं नको. दबलेल्या नसेला तो आणखी मार आहे.

"आता मुंग्या थांबल्या, पण हात बधिरच आहे. बरं झालं ना?" नाही. दुखणं थांबून नुसता बधिरपणा उरला, तर नस जास्त दमली असा त्याचा अर्थ असू शकतो. तेव्हा तर आवर्जून दाखवायचं.

"एकदा ऑपरेशन केलं की पुन्हा होतं का?" बहुतेकांना पुन्हा होत नाही. थोड्यांना होतं, विशेषतः मूळ आजार, म्हणजे साखर, थायरॉइड, आमवात, आटोक्यात नसेल तर.

मैत्रिणींनो, गाईची कास सुजली की आपण त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो, कारण दोन दिवस गेले तर सड जाईल हे आपल्याला माहीत आहे. नसेचंही तसंच आहे, फक्त तिला दिवसांऐवजी महिने लागतात. आज रात्री वहीचं एक पान घ्या, हात काढा, तारीख टाका. घरातल्या सासूबाईंचा, शेजारणीचा हातही काढून द्या. आणि करंगळी कोरी राहून बाकीची बोटं रंगली, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा पिशवीत ते पान ठेवा आणि आधी दवाखान्यात जा. बाजार नंतर.